कॉफीमुक्त दंड

३ फेब्रुवारी
आज बाबा हातातून सुटले. पडले असं म्हणणार नाही. पलंगावरून खुर्चीत घेताना माझ्या मिठीतून हळूहळू घसरत जमिनीवर बसले. मग मीही बसलो. खालचा वॉचमन वर आला तेव्हा कुठे दोघे उठलो. कुणाला लागलं नाही. माझा खांदा सोडून.

नेमकी ताई दारात. म्हणाली, अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाला तुझ्या भरवशावर ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. महिनाअखेरपर्यंत तुला एकट्याला उचलता आलं तर ठीक, नाहीतर मी त्यांना केअर होममध्ये नेते. बाबांना बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. चांगल्या हाताने त्यांनी माझी बाही धरून ठेवली. सोडेचनात.

बाबा कुठेही जाणार नाहीत. उद्यापासून जिम. विषय संपला.

५ फेब्रुवारी
काल अंग जड वाटत होतं. आज गेलो. ट्रेनर माझ्या निम्म्या वयाचा, त्याला मान नाहीच, डोकं थेट खांद्यांवर. त्याने विचारलं, सर, कॉफी किती घेता? सहा कप म्हणालो. (आठ.) तो हसला. म्हणाला, कॉफी पिणाऱ्याच्या अंगाला मसल धरत नाहीत, असं ऐकलंय बुवा.

सगळा उलगडा झाला. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी आळशी आहे.

६ फेब्रुवारी
कॉफी बंद. डोकं ठणकतंय, म्हणजे गुण यायला लागला. शोरूममध्ये एका गिऱ्हाइकाच्या बाथरूमच्या टाइल्स दुसऱ्याच्या टेम्पोत चढवल्या. मॅनेजर नको नको ते बोलला. कॉफी मशीनसमोरून जायला नको म्हणून दिवसभर नळांच्या सेक्शनमधून वळसा घालत होतो. वळसा म्हणजे व्यायामच. त्यामुळे जिमला गेलो नाही.

९ फेब्रुवारी
घात झाला. बाबांना सकाळ-संध्याकाळ मगभर कॉफी लागते, तिच्यात बुडवून ते ब्रेड खातात. आज त्यांच्या मगातले उरलेले दोन घोट मी उभ्या उभ्या प्यायलो. चार दिवसांची मेहनत पाण्यात!

घरात तो वास असेल तर माझा निभाव लागणार नाही. तेव्हा कॉफी घरातूनच हद्दपार. डबा मावशींना देऊन टाकला. मावशी म्हणजे दिवसा बाबांजवळ थांबतात त्या. म्हणाल्या, अहो दादा, म्हाताऱ्या माणसाचं तोंड का बांधताय? म्हटलं, हे सगळं त्यांच्यासाठीच चाललंय.

संध्याकाळी बाबांना दूध दिलं. कोमट, पौष्टिक.

१२ फेब्रुवारी
बाबांनी आजही दूध मागे सारलं. ब्रेड तसाच. मावशींचं म्हणणं, कोरडा त्यांना गिळवत नाही आणि दुधाची त्यांना शिसारी आहे. माझ्या मते हा सरळ सरळ निषेध आहे. आमच्या घराण्यात हट्ट सगळ्यांनाच. ब्रेड मी खाल्ला. अन्न टाकवत नाही, शिवाय मसलला इंधन लागतं.

१६ फेब्रुवारी
बाबांच्या गोळ्या लिहून आणायला डॉक्टरांकडे गेलो. सहज कॉफीचं विचारलं. म्हणाले, कॉफीने स्नायूंचं काही वाकडं होत नाही, वजन उचला, नीट जेवा, झोपा. मी त्यांचे दंड बघितले. पेन उचलता येतं हेच खूप. आपला ट्रेनरवर विश्वास.

बाबा कसे आहेत, विचारलं. शांत आहेत म्हणालो. खरंच शांत असतात आता. हाक मारली की जरा वेळाने बघतात.

२० फेब्रुवारी
जिम नाही. पाठ. पण आरशात उजवा दंड नक्की वर आलाय. डावाही येईल.

मावशी आज पुन्हा मागे लागल्या. दादा, बाबांच्या पोटात काही जात नाही हो, घोटभर कॉफी द्या. म्हटलं, महिनाअखेर तोंडावर आली, आता माघार नाही. त्या भांडी आपटत राहिल्या. मी स्वतः सूप केलं आणि भरवलं. दोन चमचे गेले, तिसरा उशीवर.

२५ फेब्रुवारी
जमलं! एकट्याने! पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. ना धाप, ना खांदा. खात्री करायला पुन्हा केलं.

जिमला जेमतेम चार-पाचदा गेलो असेन. म्हणजे दोष सगळा कॉफीचाच होता. लोक उगाच वर्षानुवर्षं लोखंड उचलत बसतात. बाबा काही विरोध न करता हातावर पडून होते. विश्वास बसला असणार.

ताईला फोन केला. म्हटलं, उद्या ये आणि डोळ्यांनी बघ.

२६ फेब्रुवारी
ताई आली. मी बाह्या सारून तयार होतो. बाबांना उचललं आणि मिरवत खिडकीपर्यंत नेलं. ताई माझ्याकडे बघतच नव्हती. तिने बाबांचं मनगट हातात घेतलं आणि तशीच उभी राहिली. मग विचारलं, काय खातात हे? मी म्हणालो, हट्ट करतात. मावशींनी स्वयंपाकघरातून येऊन सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

ताई ओरडेल असं वाटलं होतं. ती खाली जाऊन कॉफी घेऊन आली, ब्रेड बुडवून बाबांच्या तोंडाशी धरला. वास आला तसे बाबांचे ओठ हलले. पण घास आत जाईना. कॉफी हनुवटीवरून गळ्यात उतरली. ताई पदराने पुसत राहिली. मग तिने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

मी त्यांना उपाशी ठेवलं. त्यांनी कुठे जाऊ नये म्हणून.

जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर अडकत होतं. मी म्हणालो, मी नेतो. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याने विचारलं, एकट्याला झेपतील का? मी बाबांना उचललं. तीन मजले उतरलो, एकदाही थांबावं लागलं नाही. कुठेतरी थांबावं लागलं असतं तर फार बरं वाटलं असतं.