माकुलाची चोच

१२ जाने., सोम.
सिॲटलच्या मराठी मंडळाच्या संक्रांत अंकात माझा लेख आला. ‘आमची कन्या मुक्ता स्क्विडची, म्हणजे माकुलांची, पोटं फाडून पीएच.डी. होतेय. घराण्यात अशी शस्त्रक्रिया प्रथमच.’ जोशीकाकांचा फोन, पोट धरून हसले. बायको, वृंदा, हसली नाही. ‘तिला विचारलंस?’
म्हटलं, मराठीत आहे, ती कुठे वाचतेय.

१५ जाने., गुरु.
मुक्ताने वाचला. पानाचा फोटो काढला की फोन भाषांतर करून देतो. पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून मला हे सुचू नये! मेसेज: ‘फोर इयर्स, बाबा. अँड आय ॲम युअर जोक.’
फोन उचलत नाही.

१९ जाने., सोम.
क्षमायाचनेचा श्लोक रचायला घेतला. वृंदा: ‘सॉरी म्हणायलाही वृत्त लागतं का रे तुला?’ फाडला.

२४ जाने., शनि.
दिवाळीत मुक्ताने प्रबंधाचं एक प्रकरण पाठवलं होतं. ‘बाबा, वाच ना.’ मी न उघडताच अंगठा पाठवला होता. आज उघडलं.
पिल्लू तांदळाच्या दाण्याएवढं. वरच्या पाण्यात तरंगतं, डोळ्याला न दिसणारे जीव खातं. वाढतं तसं खोल जातं. मग कोळंबी, मग मासे, शेवटी आपल्याच जातीची माकुलं. (भाऊबंदकी तिथेही.) पोटात फक्त शेवटचं जेवण सापडतं, म्हणून ती पोटं फाडतच नाही. माकुलाला पोपटासारखी चोच असते, ती तपासते. चोच थराथराने वाढते, प्रत्येक थरात त्या वेळच्या खाण्याचा अंश उरतो: टोकाकडे लहानपणीचं खाणं, कडेला कालपरवाचं. सगळं साठलेलं.
खंडनाआधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, नीट समजून घ्यावा, हे पाठशाळेत पहिल्याच वर्षी शिकलो होतो. इथे पूर्वपक्ष तीन महिने इनबॉक्समध्ये पडून, आणि मी…

३१ जाने., शनि.
तिला लिहिलं: ‘पोट नाही, चोच. चुकलो.’ दोन निळ्या खुणा. म्हणजे वाचलंय.
संपादकांना म्हटलं, पुढच्या अंकात चूक दुरुस्त करा. ‘अरे यार, विनोदाचा खुलासा कोण छापतं?’ छापाच म्हटलं.

४ फेब्रु., बुध.
शुक्रवारी दहाला मुक्ताचा डिफेन्स, म्हणजे प्रबंधाची जाहीर तोंडी परीक्षा. कुणीही येऊ शकतं. वृंदाला बोलावलंय.
‘आणि मी?’
‘तुझं नाव घेतलं नाही. नको असंही म्हणाली नाही.’
सुट्टी टाकली.

६ फेब्रु., शुक्र.
पूल ओलांडून सिॲटलला, तिच्या विद्यापीठात. पाऊस. वृंदा पुढे बसली, मी शेवटच्या रांगेत. मुक्ता चाळीस मिनिटं बोलली, कागद न बघता. एवढं सलग बोलताना तिला मी कधी ऐकलंय, आठवेना.
शेवटी प्रश्न. हात कधी वर गेला कळलं नाही. तिने पाहिलं. ‘येस?’
विचारलं, चोचीचं टोक तर खाताना झिजत असणार. मग लहानपणीचं पुसलं जात नाही का?
माझं इंग्रजी अडखळलं. कुणी हसलं नाही.
‘सम ऑफ इट इज लॉस्ट,’ ती म्हणाली. ‘हाउ मच, आय डोन्ट नो येट.’
पुढे आणखी एक हात वर होता. तिने तिकडे पाहिलं.