बियाणं तपासतोस तसं

ओमकार,

आईला घेऊन सातच्या एसटीनं मुरबाडला जातेय, डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढे ढकलायला. तुझ्यामुळं. भाकऱ्या टोपलीत आहेत, गिळ.

आईचे पैसे त्या बॉन्ड फंडात टाकताना गेल्या वर्षीचा परतावा तेवढा बघितलास. फंडानं ते कुठल्या कंपन्यांना दिलेत, रोखे किती वर्षांचे, हे बघायचं नाय? तेव्हा ऑपरेशन तीन महिन्यांवर आणि रोखे तीन वर्षांचे! त्यातल्या एका कंपनीनं हात वर केले, आता काढायला गेलं तर मुद्दलही पुरतं मिळत नाय.

अरे, भाताचं बियाणं आणलंस की शंभर दाणे ओल्या गोणपाटात बांधतोस, किती उगवले ते मोजतोस. दुकानदाराच्या शब्दावर कधी पेरलंस?

आईनं मात्र तुला काही न विचारता ओटीपी सांगितला.

दर्शनाताई