कच्च्या टाक्यांवरचा कोट

कळस, ता. इंदापूर
६ एप्रिल २०२५

श्री. दिग्विजयराव यांना प्राचीचा नमस्कार.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. आबांची साखर सध्या आटोक्यात आहे. डाळिंबाला पाणी सुरू आहे. तुमच्या आईंचा, सिंधुआत्यांचा, गुडघा कसा आहे?

फोन असताना हिला पत्र कुठून सुचलं, असं वाटेल. पण तुमच्या इंदापूरच्या खोलीवरचे मित्र माझे मेसेज मोठ्यानं वाचून हसतात, ते मला परवा फोनवर ऐकू आलं. म्हणून हे पत्र तुमच्या धाकट्या बहिणीच्या, छकुलीच्या हाती देते. ती कॉलेजला बारामतीला आली की आमच्या शिलाईच्या दुकानात डोकावतेच.

कोटाबद्दल लिहायचं आहे. नवरदेवाचा पोशाख मुलीकडून असतो आणि इथं तर मुलगीच शिवणारी, म्हणून आबांना फार कौतुक. "आमच्या घरात ही पयलीच शाळा शिकली, आन् आता नवऱ्याचा कोट बी हीच शिवतीया," असं येईल त्याला ऐकवतात. जानेवारीत साखरपुड्याला तुम्ही घोट्याच्या वर संपणारी अरुंद पँट सांगितली होती. मग रील पाठवलीत, की आता ढगळ चालू आहे. मार्चात जोधपुरी आला, छातीला आणि दंडाला घट्ट, आत शर्टच नाही. ती रील मी आबांना दाखवली नाही. मी तक्रार करत नाही. दुकानात आम्हाला हे सगळं बघावंच लागतं. दादासाहेब मास्तर म्हणतात, "आता नवरीपरीस नवरदेवांचं नखरं जास्त झाल्यात."

एक अडचण आहे. पुरुषांच्या अंगाची मापं मास्तर घेतात, मी मापाच्या शर्टावरून कापते. तुम्ही पाठवलेले तीन शर्ट एकमेकांशी जुळत नाहीत. जानेवारीतला अडतीस छातीचा आहे, परवाचा चव्वेचाळीस. एखादा मित्राचा आला असेल. तुम्ही स्वतःच एकदा दुकानात याल का?

शर्टाबरोबरच्या पँटच्या खिशात एक लहान टोपण मिळालं. कपडा कामाला घेण्याआधी खिसे बघायची दुकानाची रीत आहे, म्हणून बघितले. राग मानू नये. पेनाचं असावं. जपून ठेवलं आहे.

आपली,
कु. प्राची



कळस
१७ एप्रिल २०२५

अहो,

मायना लिहायला बसले आणि एवढाच सुचला. हे पत्र कुणाला दाखवू नका. वाचायला मात्र पूर्ण वाचा, मध्ये फाडू नका.

तुम्ही दुकानात आलात त्या दिवसाबद्दल लिहिते. तुम्ही म्हणाल, मी तिथं होतोच की. पण माणसाला स्वतःचा चेहरा दिसत नाही.

दुकान पहिल्या मजल्यावर आहे. तेवढा एक जिना चढून तुम्ही बाकावर बसलात आणि छातीवर हात ठेवलात. घामानं कॉलर भिजली होती. मी पाणी दिलं, तर एका दमात दोन पेले प्यालात. मास्तर टेप घेऊन आले आणि थट्टेत म्हणाले, "काय ओ दिग्विजयराव, दंड हाय का बाभळीचं खोड? बाही फाडताय की आमची!" तुम्ही हसलात. थट्टा तुम्हाला आवडली, हेही मी बघितलं. साखरपुड्याला तुमचे चुलतभाऊ म्हणत होते, "वहिनी, वारा सुटला की नवरदेवाला धरून बसा," तेव्हा तुम्ही मान खाली घातली होती.

मग माप पुरं व्हायच्या आत तुम्ही मला जिन्यापाशी बोलावलंत आणि हळूच विचारलंत, "टोपण कुठंय?" मी ते हातावर ठेवलं. तुम्ही ते मुठीत धरलंत आणि एवढ्या मोठ्यानं ओरडलात, की दुकानातल्या मशीन थांबल्या. "माझे खिसे तपासणारी तू कोण? लग्नापुरतं घेतोय. जिममधले सगळेच घेतात!"

मी भिंतीला टेकले होते. तुम्ही हात उगारला नाहीत, ते मी प्रामाणिकपणे लिहिते. पण तुम्ही उगाराल असं मला वाटलं, आणि जानेवारीत मला असं वाटलं नसतं.

आता माझं ऐका. मी पेनाचं टोपण लिहिलं, ते खोटं होतं. पेनाचं टोपण इतकं निमुळतं नसतं. आबांच्या साखरेच्या सुईचं टोपण मी रोज काढते आणि रोज लावते, डोळ्यांनी बघायच्या आधी बोटांनीच ओळखलं. दोन दिवस स्वतःला सांगत होते की गोठ्यातलं असेल, गाईला डॉक्टर आले असतील. मग शर्ट उलटा करून उजेडात धरला. उजव्या बाहीवर, खांद्याच्या खाली, लस टोचतात त्या जागी एक तपकिरी ठिपका होता. धुतलेला, पण रक्ताचा डाग साबणानं पुरता जात नाही. डाव्या बाहीवरही तसाच होता.

तेव्हापासून मी घाबरलेली आहे. बसमध्ये, मशीनवर, भाकरी करताना. फोन वाजला की आधी वाटतं, कुणीतरी तुमचं काहीतरी झालं म्हणून सांगतंय.

परवा छकुली आली होती. मी काही विचारलं नव्हतं, तीच बोलली. "वहिनी, दादा घरी निरवांगीला आला की आरशापुढनं हलत न्हाय. आईनं दोनदा जेवायला हाक मारली, तर ताटच भिरकावलं. आई खाली बसून भात गोळा करत हुती." तिला रागावू नका. ती रडत होती.

आबांना बघतात त्या बारामतीच्या डॉक्टरबाईंना मी जिममध्ये अंग फुगवायला घेतात त्या इंजेक्शनांबद्दल विचारलं. तुमचं नाव सांगितलं नाही. त्यांनी पुढचं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. म्हणाल्या, "हृदयावर जातं गं हे, यकृतावर जातं. पुढं मूलबाळ होताना सुद्धा त्रास होतो. तू त्याला उपदेश करत बसू नकोस. इकडं घेऊन ये. आधी रक्त तपासू." येत्या मंगळवारी सकाळी त्यांनी वेळ दिली आहे. तुमची लोणी देवकरच्या कारखान्यातली पाळी दुपारची आहे, मी छकुलीकडून खात्री करून घेतली.

कपड्यांची फॅशन बदलली त्याचं मला कधी काही वाटलं नाही. अरुंदचं ढगळ झालं, ढगळचं परत घट्ट झालं, मी उसवलं आणि पुन्हा शिवलं. पण ही फॅशन तुम्ही अंगावर घेतली नाहीत, अंगातच घेतलीत. तिथं माझी कात्री पोचत नाही. आणि पुढच्या वर्षी रीलमध्ये दुसरंच काही चालू झालं तर तुम्ही काय कराल?

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. साखरपुड्याला मला अंगठी घालताना तुमचा हात थंडगार होता आणि मनगट इतकं बारीक, की घड्याळ कोपराकडे सरकत होतं. तुम्ही पुटपुटलात, "घट्ट होतीय का? थांबा, थुंकी लावू?" आणि स्वतःच लाजलात. सगळे हसत होते, मला मात्र त्या वेळी पहिल्यांदा वाटलं की या घरी मी घाबरणार नाही.

कापड मी कापलं आहे. जानेवारीच्या शर्टावर, अडतीसवर. मास्तर ओरडले, "येडी हायस का? सोन्यासारखं कापड!" म्हणून शिवणीच्या आत जेवढं ठेवता येईल तेवढं कापड ठेवलं आहे. चव्वेचाळीसला ते पुरणार नाही, पण मधल्या कुठल्याही मापाला पुरेल. अंग उतरायला महिनेही लागतील, मला घाई नाही. लग्नाची तारीख पुढं ढकलावी लागली, तर आबांशी मी बोलेन.

मंगळवारी तुम्ही आला नाहीत तर मी सिंधुआत्यांना आणि आबांना सगळं खरं सांगणार आहे. मग हे लग्न राहील की मोडेल, मला माहीत नाही. पण खोटं मला एकदाच लिहिता आलं, पेनाच्या टोपणाचं, आणि तेही पचलं नाही.

कोट सध्या पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांवर उभा आहे. ओढला तर एका ओढीत सगळा सुटेल. पक्की शिलाई मी मारलेली नाही.

आता मापाचा शर्ट पाठवू नका. तुम्ही या. डॉक्टरांकडून आलो की माप मीच घेईन, मास्तर काय म्हणायचं ते म्हणोत.

मंगळवारी सकाळपासून बारामतीच्या बसस्टँडवर तुमची वाट बघणारी,
तुमची
प्राची