पाणबुड्याच्या पॅकचा सुटा कोपरा

आण्णा, तुम्ही मला आणून दिलेला खेळण्यातला पाणबुड्या अजून माझ्याकडे आहे आणि अजून त्याच्या पॅकमध्येच आहे. मागे पुठ्ठा, पुढे पारदर्शक प्लास्टिक, आत निळ्या पोशाखातला तळहाताएवढा माणूस. पाठीवर पिवळी टाकी, पायांत काळे पंख, शेजारी एवढासा चाकू. सगळं जागच्या जागी. सांगलीला आमच्या आतल्या खोलीत जिथं ऊन पोचत नाही अशा भिंतीला कपाट आहे, त्यात तो ॲक्रिलिकच्या पेटीत उभा असतो. उभाच ठेवायचा, आडवा ठेवला तर पुठ्ठ्याला बाक येतो. ऊन लागलं तर प्लास्टिक पिवळं पडतं, ओल लागली तर पुठ्ठा फुगतो आणि कडा सुटायला लागतात, म्हणून पेटीत ओल शोषणाऱ्या दोन पुड्या ठेवते आणि पावसाळ्यात त्या दर महिन्याला बदलते. पाण्यात उतरायच्या माणसाला मी इतकी वर्षं कोरडा ठेवलाय, हे माझ्या आत्ता लिहिताना लक्षात येतंय. हे सगळं मी तुमच्यासाठी करते अशी माझी समजूत होती. मागच्या रविवारी वाईला आई जे बोलली त्यानंतर माझं डोकं चालेनासं झालंय, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. पाठवायचा प्रश्न नाही.

तुम्ही फौजेतून रिटायर होऊन आलात आणि शिरवळच्या खेळण्यांच्या युनिटमध्ये पॅकिंग तपासायला लागलात, तेव्हा मी पाचवीत होते. सकाळच्या एसटीनं वाईहून निघायचात, बूट पॉलिश केलेले, शर्ट पलटणीत असल्यासारखा. एकदा शनिवारी शाळेला सुट्टी होती म्हणून मला बरोबर नेलंत. टेबलावर नव्या कोऱ्या खेळण्यांचे पॅक रचलेले, आणि तुम्ही त्यातला एकेक उचलून चक्क फाडत होता. मला रडूच यायचं बाकी होतं. तुम्ही फाडलेलं प्लास्टिक माझ्या डोळ्यांसमोर धरलंत. त्याच्या कडेला पुठ्ठ्याच्या कागदाची सालं चिकटून आली होती. "हे बघ. प्लास्टिकसंगं कागद फाटून आला पायजे. आला, तर पास. कागद जागेवर राहिला आन प्लास्टिक सुटं निघालं, तर रिजेक्ट." मी विचारलं, फाडून टाकल्यावर तो पास होऊन उपयोग काय. तुम्ही म्हणालात, "त्यो गेला गं. पर त्याच्या मागचे पाचशे दुकानात टांगायला जातील ना." मला ते तेव्हा पटलं नव्हतं.

घरीसुद्धा तुमची तपासणी चालायचीच. जूनमध्ये पुस्तकांना खाकी कव्हरं घातली की तुम्ही एकेक पुस्तक हातात घेऊन चारी कोपऱ्यांवरून अंगठा फिरवायचात. त्या वर्षी चुलते-चुलती आलेले, सगळे चहा घेत बसलेले, आणि माझ्या भूगोलाच्या पुस्तकाचा एक कोपरा नीट दुमडलेला नव्हता. तुम्ही कव्हर टर्रकन फाडून माझ्या हातात दिलंत. "रिजेक्ट. परत घाल." चुलती हसली. मी स्वयंपाकघरात जाऊन पिठाच्या डब्याआड बसले आणि तुमचा इतका राग आला की तुमची परत बॉर्डरवर बदली व्हावी असं मनात आलं. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. पण कव्हर परत घातलं, आणि त्यानंतर माझा एकही कोपरा कधी सुटला नाही.

आणि मग दिवाळीच्या सुट्टीतली ती दुपार. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, मी पाटावर बसलेय, तुम्ही पहिली पाळी करून आलाय आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यापुढं ठेवताय. "हे तुझं. काय करायचं ते कर." एवढंच बोललात. माझे फ्रॉक चुलतबहिणीचे, दप्तर तिचं, कंपासपेटीवर तर तिचं नावसुद्धा कोरलेलं. माझं म्हणून कोरं काही नव्हतं. मी तो पॅक किती वेळ नुसता बघत होते. नंतर तुमच्यासारखाच कडेनं अंगठा फिरवला, आणि खालच्या उजव्या कोपऱ्याला नख आत गेलं. कोपरा सुटा होता. तुमच्या नजरेतून रिजेक्ट माल निसटला होता. तुमच्या नजरेतून! कुणाला कळलं तर काय, युनिटमध्ये तुम्हाला काय बोलतील, आणि तुम्हाला स्वतःला कळलं तर तुम्ही तो माझ्या हातातून घेऊन भूगोलाच्या कव्हरासारखा फाडाल की काय, अशी दुहेरी भीती. दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर गेल्यावर मी शाळेच्या डिंकाची बाटली काढली, काडीनं कोपऱ्यात डिंक भरला, वर पोळपाट ठेवला, पोळपाटावर भरलेली कळशी ठेवली आणि दुपारभर राखण करत बसले. तुम्ही आल्यावर पॅक तुमच्यापुढं धरला. तुम्ही कडेनं अंगठा फिरवलात, त्या कोपऱ्याशी थांबलात, नख घालून बघितलंत. नख गेलं नाही. माझ्याकडे बघितलंत. "पास," म्हणालात आणि हातपाय धुवायला मोरीत गेलात.

तुमच्या तोंडून मला मिळालेला तो पहिला पास. मी हवेत होते. तेव्हापासून तो पॅक उघडायचा विचारही मला पाप वाटायचा. पुढं माझं लग्न होऊन मी सांगलीला आले, बेदाण्याच्या पॅकिंगमध्ये कामाला लागले, आणि आज तिथं क्वालिटी मीच बघते. पाकिटाच्या कोपऱ्यांवरून अंगठा फिरवते आणि पोरींना पास किंवा रिजेक्ट सांगते. त्या माझ्या मागे माझी नक्कल करतात हे मला माहीत आहे. पाणबुड्याला सोबत म्हणून एकेक करत तसलेच जुने, न उघडलेले पॅक जमवत गेले, आता ते बावीस झालेत. नवरा म्हणतो, "खेळण्यांना खोली हाय आन मला झोपाळ्यावर जागा." पॅक जमवणाऱ्यांच्या ग्रुपमध्येही आहे मी. तिथं पुठ्ठ्यावरची एक चुणी, टांगायच्या भोकाजवळची एक चीर यावर लोक तास-तास भांडतात. मला तिथं आपल्या माणसांत आल्यासारखं वाटतं.

त्या ग्रुपमधले कोल्हापूरचे एक गृहस्थ गेल्या पंधरवड्यात घरी आले होते. जुन्या, इथंच बनलेल्या खेळण्यांचं पुण्यात प्रदर्शन भरवतायत, त्यात फक्त मूळचे बंद पॅक घेणार. मी पाणबुड्या काढून दिला. त्यांनी कापसाचे हातमोजे घातले, बॅटरीचा उजेड कडेवर आडवा टाकला आणि चारी कडा एकेक करून बघितल्या. मग म्हणाले, "ताई, राग मानू नका. ह्यो पॅक एकदा फाडून परत चिकटवलेला हाय." मी म्हटलं, शक्य नाही, माझ्या वडिलांनी थेट युनिटमधून आणलाय, मी फक्त एक कोपरा चिकटवला होता. "कोपरा न्हाई ओ, चारी बाजू. हितं कागदाची सालं उचकटल्यात, त्यावर कुणीतरी इस्त्री फिरवलीया. पुठ्ठा करपलाय जरा. आन हा तुमचा कोपरा बघा, त्याचा डिंक येगळाच दिसतोय." त्यांनी तो प्रदर्शनासाठी घेतला नाही. चहा मात्र घेतला. मी त्यांच्याशी अगदी तुटक वागले, त्याची आता लाज वाटते.

म्हणून रविवारी वाईला गेले. आई मेथी निवडत बसली होती. मी सरळ विचारलं, आणि तिनं मान वर न करता सांगितलं, "व्हय, फाडलेलाच हुता. हितंच बसून चिकटवला त्यांनी, दिवाळीची सुट्टी लागायच्या आदी, तू शाळंत गेल्यावर. माझी इस्त्री घेतली आन साडीचा काठ जाळून ठेवला." तपासणीत फाडलेला पॅक तिथं टाकूनच द्यायचे म्हणे. तुम्ही साहेबांना विचारून, गेटपास करून तो आणला होता. "मी म्हटलं, नुसतं बाहुलं द्या की पोरीला, पुठ्ठा कशाला चिकटवत बसलाय. तर म्हनले, तिला आजवर एक वस्तू कोरी मिळाली न्हाई, फोडायची गंमत तरी कळू दे. आन खालचा कोपरा मुद्दाम सोडला त्यांनी. तिच्या नखानं निगंल म्हनले." मी विचारलं, मी उघडला नाही तेव्हा काही बोलले का. "न्हाई. दोन-तीनदा इचारलं मला, घाटावर न्हेला का गं तिनं, पान्यात सोडला का म्हनून. मी म्हटलं न्हाई. मग इचारायचं सोडलं." आणि मेथीची जुडी संपवून ती म्हणाली, "मला वाटलं तुला ठावं हाय."

आण्णा, मला एवढंच सांगा, मग तुम्ही पास का म्हणालात? तुम्ही मुद्दाम ठेवलेली वाट मी बुजवून टाकली होती, ती तुमच्या अंगठ्याला कळलीच होती. तिथं थांबला होता तुम्ही, मी बघितलंय. वाईट वाटलं असेल तर बोलायचं होतं, एक वाक्य पुरलं असतं, मी तिथल्या तिथं पॅक फोडून घाटावर पळाले असते. की खरंच आवडलं होतं तुम्हाला? आपल्या पोरीनं कुणी न सांगता कोपरा बसवला आणि नख जात नाही, याचं तुम्हाला कौतुक वाटलं असेल का? की दोन्ही एकदम? एकदा वाटतं तुम्ही माझ्यावर रुसला होता आणि मी तीस-पस्तीस वर्षं त्या रुसव्यालाच कपाटात जपून ठेवलं. परत वाटतं, नाही, तुम्ही पॅकच्या बाबतीत खोटं कधी बोलला नसता, जीव गेला तरी. घाटावर नेला का, हे तुम्ही आईला विचारलंत. मला का नाही विचारलंत? मला तुमचा राग येतोय, आणि तुम्ही इस्त्री घेऊन वाकून बसलेले डोळ्यांपुढं आले की तो राग टिकतही नाही. या वयात मला हे कुणी समजावून सांगणार नाही.

आज सकाळी कामावर जायच्या आधी मी पेटी उघडली आणि पॅक बाहेर काढून खिडकीपाशी बसले. ठरवलं होतं की उघडायचा. उशीर झाला तर झाला, तुम्हाला हवं होतं ते करायचं, दुपारी कृष्णेवर जाऊन यायचं, इथंही घाट आहेच. खालच्या उजव्या कोपऱ्याला नख लावलं आणि ओढलं. तुम्ही इस्त्रीनं चिकटवलेल्या बाजू कदाचित सहज निघाल्या असत्या, पण मी सुरुवात माझ्या कोपऱ्यापासून केली. तो निघेना. जोर लावला तेव्हा अर्धा इंच प्लास्टिक वर आलं आणि त्याच्या कडेला, तुम्ही दाखवलं होतं तसंच, पुठ्ठ्याचं पांढरं साल चिकटून आलं. कागद फाटला होता, पाचवीतल्या पोरीचा डिंक सुटला नव्हता. मी तिथंच थांबले. पाणबुड्या अजून आतच आहे, अर्धा इंच उघडा, आणि पुढं ओढायचं की परत चिकटवायचं हे मला ठरवता येत नाही. पण एक खरं सांगते, आण्णा. तो कागद फाटलेला बघून मला आधी आनंद झाला, आणि वाईट नंतर वाटलं.