तळपायाचा वर्ग

कर्वेनगर, पुणे
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. मैत्री हीस,
सप्रेम जय भीम.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू "बोला" म्हणतेस आणि त्यापुढे मला काही सुचत नाही. जिल्हा परिषदेत पस्तीस वर्षं कागदच लिहिले, तेव्हा हीच सवय बरी.

इकडची हकिकत अशी. तुझी आजी एकोणीस डिसेंबरला बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, नीट झालं. तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. "पोरीला उगाच काळजी नको असं आजीच म्हणाली," असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. ती दवाखान्यात रोज विचारायची, "मैत्रीला सांगितलं का?" आणि मी हो म्हणायचो.

डॉक्टर म्हणतात, हाड जुळतंय, आता चालायला हवं. फिजिओथेरपीच्या बाई आठवड्यातून दोनदा येतात. त्या असतात तोवर आजी वॉकर धरून चार पावलं टाकते, त्या गेल्या की परत पलंग. मनात भीती बसली आहे. "पायच माझं ऱ्हायलं न्हाईत," म्हणते. ती त्र्याऐंशीची झाली, पण आईला मी दिवसा आडवी झालेली कधी पाहिली नव्हती.

वरच्या मजल्यावरच्या उल्काताई दामल्यांना बातमी लागली. तुझा सोसायटीच्या हॉलमधला वर्ग बंद झाल्यापासून सात-आठ जणी त्यांच्याच दिवाणखान्यात आसनं करायला आणि एकमेकींचे तळपाय दाबायला जमतात. आता त्या रोज दुपारी आजीकडे येतात. पायाला तेल लावतात, तुझ्या तक्त्यातले बिंदू दाबतात, बसल्या बसल्या घोटे फिरवायला लावतात. मी त्या वेळी वाचनालयात जाऊन बसतो.

वर्ग कुणाच्या तक्रारीने बंद झाला, हे आता उकरण्यात अर्थ नाही. बंदच्या नोटिशीवर सही उल्काताईंच्या यजमानांची, दामल्यांची, कारण सोसायटीचे अध्यक्ष तेच. तू त्यांच्यावर राग धरून नाशिकला गेलीस. असो.

आजीला फोन कर. माझ्या नको, तिच्या मोबाइलवर कर.

कळावे.
रामदास


कर्वेनगर, पुणे
रविवार, ९ मार्च २०२५

चि. मैत्री,
जय भीम.

तुझा आजीला रोज संध्याकाळी फोन येतो, तो मला पलीकडच्या खोलीत ऐकू येतो. मुद्दाम ऐकत नाही. भिंती पातळ आहेत. तू काम करतेस त्या वृद्धाश्रमातल्या गोदाबाई आता स्वतः वेणी घालतात, हे ऐकून मलाही बरं वाटलं.

फेब्रुवारीत एक घडलं, ते सांगतो. उल्काताईंना आठ दिवस खराडीला, त्यांच्या लेकीकडे, अवनीकडे जायचं होतं. जाण्याआधी मला म्हणाल्या, "रामदासराव, तुम्हाला दाखवून जाते. आठ दिवस तुम्ही करायचं."

"मला नाही जमायचं."

"जमणार नाही की करायचं नाही?" मी वाचनालयाची पिशवी उचलली. तेव्हा म्हणाल्या, "आई तुमची आहे, माझी नाही. मी आपली आठवण करून दिली."

बसलो. पलंगाच्या पायथ्याशी स्टूल घेतलं आणि आईचा पाय मांडीवर घेतला. पाया आयुष्यभर पडत आलो, पण पाय कधी पाहिला नव्हता. टाचा भेगांनी काळ्या पडलेल्या, करंगळी आत वळलेली, तळवा थंडगार. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत उठलो. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "आंगठ्याच्या खाली दाब. हां, तितंच हाय." त्या दिवशी अर्धा तास कसा गेला ते कळलं नाही.

मग तिनं विचारलं, "पोरीवर येवढा का चिडला व्हतास रं तू?"

मैत्री, त्या वेळी मी तुला काय बोललो ते तुला आठवत असेलच. खराडीतली नोकरी सोडून लोकांचे पाय चेपत बसणार का, असं मी चारचौघांत म्हणालो. नोकरीचं निमित्त होतं. खरं कारण मी तुझ्या आईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. ते त्या दुपारी माझ्या आईला सांगितलं, आता तुला सांगतो.

एकोणीसशे चौऱ्याऐंशी साल. मी नवा कारकून, बाहेरगावच्या कचेरीत. साहेबांची कंबर धरलेली, वाकता येत नव्हतं. मुक्काम विश्रामगृहात. सकाळी बूट घालायची वेळ झाली की ते मला हाक मारत. शिपाई बाजूला उभा असे, त्याला नाही. मी पायरीवर बसून नाड्या बांधायचो. संध्याकाळी सोडायचो. व्हरांड्यात बाकीचे चहा पीत पाहत असायचे. मलाच का, हे मला कळत होतं आणि त्यांनाही. चार महिने हे चाललं. घरातला पहिला मॅट्रिक, पहिला सरकारी नोकर, आणि हे काम. तेव्हाच ठरवलं होतं की माझ्या घरातलं माणूस कुणाच्या पायाशी बसणार नाही.

आईने पाय माझ्या मांडीवरच राहू दिला. मग म्हणाली, "त्यानं करायला लावलं, त्यो त्याचा हलकेपणा. तुजा न्हाई. आन पोरगी तर आपल्या मर्जीनं करती. येवढा शिकलास, ह्यो फरक कळू नये व्हय?"

मी दुसरा पाय घेतला.

गेल्या रविवारी उल्काताईंच्या वर्गाला गेलो. सात बायका, दामले आणि मी. आधी आसनं झाली. माझी बोटं गुडघ्यांच्या खाली जाईनात, त्यावर दामले म्हणाले, "घाई नाही, जमीन तिथेच राहणार आहे." मग जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला दामले. त्यांनी पाय पुढे केला आणि माझे हात उचलेनात. मी उठून चपला शोधू लागलो.

दामले जागचे हलले नाहीत. म्हणाले, "रामदासराव, बसा. आधी तुम्ही पाय द्या. मी हिचा नापास विद्यार्थी आहे, दुखलं तर सांगा."

त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला. त्यांच्या पांढऱ्या लेंग्याला तेल लागलं, ते त्यांनी पाहिलं आणि तसंच राहू दिलं. माझ्या वडिलांना त्यांच्या वडिलांच्या ओटीवर चढता आलं नसतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पंधरा मिनिटं त्यांनी एकेक बोट, टाच, कमान सगळं मन लावून दाबलं. मग मी त्यांचा पाय घेतला. या वेळी हात अडले नाहीत.

पाय दाबून हाड जुळत नाही, हे तूच सांगायचीस. पण आई परवा फिजिओथेरपीच्या बाई नसताना दारापर्यंत गेली आणि परत आली. का, ते विचारलं तर म्हणाली, "पाय हायेत अजून, समजलं मला."

दामल्यांबद्दल एक गोष्ट तुला सांगायची आहे. आज नको.

आजी आशीर्वाद सांगते.
बाबा


कर्वेनगर, पुणे
मंगळवार, १३ मे २०२५

प्रिय मैत्री,
जय भीम.

मागच्या पत्राला तू उत्तर लिहिलंस. दोनच ओळी होत्या, पण मी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या. आता जे लिहिणार आहे ते वाचून कदाचित तुला ते उत्तर परत घ्यावंसं वाटेल. घे.

सत्तावीस एप्रिलला सोसायटीची सर्वसाधारण सभा होती. एका शिकवणीवाल्यांना हॉल सकाळ-संध्याकाळ भाड्याने हवा होता. उल्काताईंनी सकाळची वेळ वर्गासाठी मागितली. तेव्हा आपले सेक्रेटरी आनंद म्हणाले, "या वर्गाविरुद्ध मागे एक निनावी अर्ज आला होता, तो सभेपुढे ठेवायला हवा." आणि त्यांनी तो वाचून दाखवला. 'मालिशसदृश प्रकार', 'सभ्य कुटुंबांची वस्ती', 'सबब सदर वर्ग त्वरित बंद करावा', आणि खाली नियमांचे आकडेच आकडे. अर्ज इतका पक्का होता की समितीला दुसरा मार्गच उरला नव्हता.

पन्नास-साठ माणसं ऐकत होती. मी उभा राहिलो.

"हा अर्ज माझा आहे," मी म्हणालो. "वर्ग माझी मुलगी घेत होती. यातलं एकही वाक्य खरं नाही. मी तो मागे घेतो."

मैत्री, तुझा वर्ग मी बंद पाडला. दामल्यांनी नाही. अर्ज लिहिला त्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन येत होतो आणि हॉलचं दार उघडं होतं. तू जमिनीवर बसली होतीस, दामल्यांचा पाय तुझ्या मांडीवर. मला तू दिसलीच नाहीस. मला विश्रामगृहाची पायरी दिसली. तुझ्याशी बोलायला हवं होतं, ते न करता घरी येऊन मी अर्ज लिहिला. पुढे तू दामल्यांना दोष देत राहिलीस आणि मी ऐकून घेत राहिलो.

सभेतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. शेवटी दामले म्हणाले, "अर्ज कुणाचा ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. आपल्या सोसायटीत 'सबब' लिहिणारा दुसरा माणूस नाही." लोक हसले. मलाही हसू आलं.

नंतर जिन्यात मी त्यांना विचारलं, "मग मैत्रीला सांगितलं का नाही? तिने तुमच्याशी बोलणं सोडलं होतं."

"बापाचं नाव लेकीला मी कशाला सांगू?" ते म्हणाले. "ते काम तुमचं." आणि वर निघून गेले.

ठराव मंजूर झाला. बाजूने एकेचाळीस, विरुद्ध तीन. हॉल रोज सकाळी साडेसहा ते आठ वर्गासाठी. मी एक दुरुस्ती सुचवली, तीही झाली. सोसायटीत काम करणाऱ्या सगळ्यांना वर्ग खुला.

पाच तारखेला पहिला वर्ग भरला. चौतीस माणसं आली, चटया कमी पडल्या. जिने झाडणाऱ्या द्वारकाताई दारात घुटमळत होत्या. वीस वर्षं त्या आपले चार मजले उतरतात-चढतात, तळवे सुजलेले. उल्काताईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसून त्यांचा पाय घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी पाय मागे ओढला.

"साहेब, नको. तुम्ही खाली कशाला?"

"द्वारकाताई, हा माझा अभ्यास आहे," मी म्हणालो. "पाय दिला नाहीत तर नापास होईन."

त्यांनी दिला. सगळा हॉल पाहत होता. मैत्री, पाहणाऱ्यांकडे पाठ करून मी आयुष्यात पहिल्यांदा इतका निवांत बसलो असेन. थोड्या वेळाने त्यांनी डोळे मिटले. वर्ग संपला तेव्हा म्हणाल्या, "उद्याही आहे ना?"

काल बुद्धपौर्णिमा झाली. आजी पांढरं लुगडं नेसून पाच वाजल्यापासून तयार. मी रिक्षा बोलावली होती. खाली आल्यावर तिनं रिक्षावाल्याला सांगितलं, "तू जा बाबा, मी चालती." काठी एका हातात, दुसरा हात उल्काताईंच्या खांद्यावर. विहारापर्यंत वाटेत तीनदा थांबली, एकदाही बसली नाही. पायऱ्यांशी मी हात पुढे केला, तर म्हणाली, "सोड." आणि पाच पायऱ्या एकटी चढली. वंदना सुरू झाली तेव्हा तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता. शेजारी उभे असलेले दामले चष्मा पुसत होते. धूळ गेली म्हणाले.

आता तुझं. ठरावात वर्गाच्या संचालिका म्हणून तुझं नाव घातलं आहे, तुला न विचारता. तू यायलाच हवंस असं नाही. नाशिकला तुझी माणसं आहेत, तुझं काम आहे, त्यावर बोलायचा हक्क मी घालवला. उल्काताई वर्ग चालवतील, मी चटया अंथरीन.

अर्जाचं मी सभेत आधी बोललो आणि तुला नंतर लिहितो आहे. क्रम उलटा व्हायला हवा होता. धीर त्याच क्रमाने आला.

पत्राचा शेवट कसा करायचा, ते मला पस्तीस वर्षं तोंडपाठ होतं. आज त्यातलं काही चालत नाही, म्हणून साधंच लिहितो.

मी चुकलो, मैत्री.

तुझे बाबा