नाचणीची किल्ली

३ जुलै २००५, जव्हार
मोखाड्याच्या रोहिणीचा मेल. तिचं 'वरई' मराठी शब्द तपासतं, माझं 'नाचणी' मराठी टाइप करतं. दोन्ही मोफत, कोड सगळ्यांना खुला. (धान्यांची नावं ही कल्पना माझी.) म्हणते, सर, दोघांनाही दोन्हीकडे कमिटचा हक्क ठेवू. म्हणजे माझ्या मूळ कोडमध्ये तिने थेट हात घालायचा! सॉफ्टवेअर मुक्त आहे, मोकाट नाही. कळवलं, बदल पाठव, मी तपासेन. तिने मात्र मला वरईचा हक्क देऊनही टाकला. भोळी आहे.

५ जुलै
उज्ज्वला म्हणाली, जामसरला आपल्या शेताकडे लावणीची सावड सुरू झालीय. आपण सुकऱ्याभाऊच्या खाचरात गेलो नाही तर आपल्यात कोण उतरेल? म्हटलं, रविवारी नक्की. बायकोला कोडमधलं काय कळणार.

१० जुलै, रविवार
गेलो नाही. रोहिणीचे बदलही तपासले नाहीत. नवी आवृत्ती मात्र सोडली. सुरक्षेसाठी पासवर्ड बदलले, मेलचासुद्धा. रोहिणी हुशार आहे, जुने ओळखले असते.

१२ जुलै
नवी आवृत्ती उघडताच बंद पडते! शाळाशाळांतून तक्रारी. रोहिणीने तासाभरात दुरुस्ती पाठवली. हक्क असता तर टाकलीही असती, म्हणते. टोमणाच. संध्याकाळी टाकतो म्हटलं. दुपारी फोनची लाइन गेली.

१५ जुलै
लाइन नाही. 'सहकार्याची नियमावली' लिहायला घेतली, पानं भरली. जेवण जात नाही. माझी नाचणी तिकडे मरतेय आणि मी खिडकीतून तार बघतोय. उज्ज्वला रोज सकाळी कुठेतरी जाते. विचारायला सवड नाही.

१८ जुलै, मोखाडा
जीपला लटकून आलो. रोहिणीकडे लाइन चालू. ऐटीत पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा चुकला. मेलचाही आठवेना. ती बिचारी भिंतीकडे तोंड करून उभी, सरांचा पासवर्ड दिसू नये म्हणून. रडू आलं.
मग हळूच म्हणाली, सर, रागावू नका, पोरांची कामं अडली होती. नाचणीची प्रत वरईत घेऊन दुरुस्त केली, गुरुवारपासून सगळे तीच वापरतात. तुमचं नवं खातं काढते, हक्कासकट. विचार करून कळवतो म्हटलं. ती तोवर खातं काढून मोकळी.

१९ जुलै, जामसर
म्हटलं, निदान लावणी तरी. खाचर हिरवंगार! उज्ज्वला माझ्या वाटणीचंही सगळ्यांकडे राबून आली होती, काल सगळे आमच्यात उतरले. मी पँट दुमडली तर सुकऱ्याभाऊ ओरडला, सर, आत नको येव, रोपा तुडवशील.
बांध ओला होता. नियमावली पिशवीतच होती. ती अंथरून बसलो.