तेल नव्हतंच, कातर होती

प्रिय अक्का,

प्रिय लिहिलं खरं, पण ते लिहिण्याआधी टाक दौतीत बुडवून बराच वेळ तशीच बसले होते. दुसरं काय लिहू? सगळा जन्म तुला प्रियच म्हणत आले. सवय जाते का अशी महिन्याभरात?

आज सकाळी कमळी माझ्यापुढे केस सोडून बसली. फणी खाली येता येता अडकली, म्हणून टोकं उजेडात धरून पाहिली तर फाटे फुटलेले! दहा वर्षांची पोर गं, आणि केसांची टोकं जुन्या केरसुणीसारखी. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "आई, मला मावशीचं तेल लाव ना! मग माझेपण तिच्यासारखे होतील." तुझ्या सासूबाईंनी तेराव्याला ती बाटली माझ्या हातात दिली होती ना, तीच. मी बाटली उचलली. बूच काढलं. "हो हो, होतील" हे शब्द अगदी ओठांवर आले, आणि माझीच मला इतकी भीती वाटली की मी बाटली तशीच खाली ठेवली. म्हणून हे पत्र. आता तुला उत्तर देता यायचं नाही हे मला कळतं. पण ऐकून तर घे.

अक्का, त्या तेलात काहीही नव्हतं गं!

म्हणजे होतं, सगळं होतं. जास्वंद होती, माका होता, आवळकाठी होती, मेथ्या होत्या. मीच तर कढई ढवळायचे तुझ्या घरी. सयाजीगंजातल्या तुझ्या स्वयंपाकघरात तो वास भरला की समोरची मणीबेन केसांना काय लावता ते विचारायला पदर सावरत यायची. "केटला लांबा वाळ, बेन! शुं नाखो छो?" आणि तू हसून म्हणायचीस, "कंई नही बेन, आपलं घरचं तेल." अर्धं गुजराती, अर्धं मराठी आणि सगळंच्या सगळं खोटं!

गुडघ्यापर्यंत केस तुझे. टोकाला एक फाटा नाही. आणि तुझ्या पाठची मी! एकाच आईच्या पोटच्या, एकाच विहिरीचं पाणी, शिकेकाईसुद्धा एकाच भांड्यात उकळलेली. तुझे वाढत गेले आणि माझे कमरेशी येऊन थांबले. वरून वाढायचे आणि खालून तुटायचे. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. तुला विचारत राहिले, "अक्का, माझेच का असे गं?" तू माझी टोकं बोटांवर घेऊन न्याहाळायचीस, जीभ टाळ्याला लावून च् च् करायचीस आणि म्हणायचीस, "तुझ्या अंगात उष्णता फार, यमे."

उष्णता! त्या उष्णतेपायी मी अख्खा हिवाळा मिरची सोडली. सबजा प्यायले. आंबट तोंडाला लावलं नाही, लोणच्याच्या बरणीकडे नुसती बघत जेवले. रात्री केस मलमलीत गुंडाळून झोपले. तू म्हणालीस शुक्रवार कर, ते केले. तू म्हणालीस उदबत्तीनं टोकं जाळ, तर तेही केलं, आणि घरभर असा वास सुटला की आबा ओट्यावरून ओरडले, "कोण जळतंय रे आत?" टोकं आणखी बिघडली. तू म्हणालीस, "धीर धर. देवीची देणगी असते ती, सगळ्यांना नाही मिळत."

एकदा मी कंटाळून म्हटलं होतं, "कापूनच टाकते मेली टोकं!" आठवतं? आईनं कानांवर हात घेतले. बाईच्या डोक्याला कातर लावायची म्हणजे भलतंच! पोरीनं लावली तर लग्न अडतं, सवाष्णीनं लावली तर नवऱ्याचं आयुष्य तुटतं. आई तसं म्हणाली याचं मला काही नाही, तिच्या आईनं तिला तसंच सांगितलं होतं. पण तू! तू माझा हात घट्ट धरलास आणि म्हणालीस, "यमे, पुन्हा तोंडातून काढू नकोस." तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. ते कसलं होतं गं?

आता मला दाखवायच्या दिवसाचं लिहिते. टाळणार होते, पण नाही टाळत.

तू खास त्यासाठी टांग्यानं बाबाजीपुऱ्यात, माहेरी आलीस. माझी वेणी तूच घातलीस. वेणीच्या शेवटाला आलीस तेव्हा तुझे हात थांबले होते. मला पाठीमागे दिसत नव्हतं, पण कळलं होतं. मी विचारलं, "फार वाईट दिसतायत का?" तू म्हणालीस, "कुठं गं, गोंड्यात झाकतील." कातर मारायला किती वेळ लागला असता, अक्का? आई स्वयंपाकघरात होती, खोलीत आपण दोघीच होतो. आणि तू गोंडा बांधलास!

मुलाच्या आईंनी गोंडा सोडायला लावला. माझे केस खिडकीपाशी नेऊन उजेडात धरले, टोकं चोळून पाहिली आणि म्हणाल्या, "मुलीच्या केसांत जीव नाही हो. अंगात काही दुखणं नाही ना?" त्यांचा मुलगा कॉलेजात शिकत होता. त्यानं खाली मान घालून मला विचारलं होतं, "आपण काय काय वाचता?" पाहायला आलेल्या माणसानं मुलीला असं काही विचारलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मी दोन पुस्तकांची नावं सांगितली आणि तो हसला. एवढंच बोलणं. चार दिवसांनी नकार आला. पत्रिका आडवी आली असेल, देण्याघेण्याचं असेल, देव जाणे. पण मध्यस्थानं सांगितलं ते केसांचंच, आणि घरात सगळ्यांनी धरलं तेही केसांचंच. त्या संध्याकाळी तू माझ्या गळ्यात पडून रडलीस! माझ्यापेक्षा जास्त रडलीस. आईला तुझीच समजूत काढावी लागली.

मग पुढच्या वर्षी मला बिजवराकडे दिली. त्यांच्या वाडीतल्या घरी आले. हे वाईट नाहीत, कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, मला शिव्या माहीत आहेत त्या सगळ्या माहेरच्याच. पण माझ्या बापाच्या वयाचे, आणि छातीत दमा. मी जन्मात केसांना कातर लावली नाही तरी यांची धाप काही हटत नाही. आणि आमचे दाजी? रोज पहाटे तालमीत जाऊन येतात, अजून जोर मारतात! सांग आता, कुणाचं आयुष्य कशानं तुटतं?

तू आजारी पडलीस तेव्हा या खोट्यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. दुपारचं जेवण आवरलं की मी वाडीतून तुझ्याकडे यायचे. तुझं अंग पुसायचे, पेज भरवायचे, केस विंचरायचे. तुझे केस विंचरायला मला फार आवडायचं, हे तुला कधी सांगितलं नाही. संक्रांतीच्या सुमाराला तुझ्या टोकाला मला पहिला फाटा दिसला. मग दुसरा. मग पुष्कळच. खरं सांगू? मला बरं वाटलं. वाटलं, चला, अक्काही शेवटी आपल्यासारखीच. लगेच स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, की मेले, बहीण अंथरुणाला खिळलीय आणि तू केसांचा हिशेब करतेस?

आणि मग ती दुपार.

"यमे, दार लोट. कडी घाल."

"का गं? भांडं हवंय का?"

"नाही. गादीखाली हात घाल, उशाशी."

हाताला कातर लागली. चोळीची काजं कापायची, छोटी. मला काही उमगेना.

"टोकं काप," तू म्हणालीस. "बोटभर. एका रेषेत कापू नकोस, थोडी थोडी बट वळवून काप, म्हणजे कापल्याचं कळत नाही."

मी कातर बाहेर काढली. इतकं बारीक सांगणारी बाई पहिल्यांदा सांगत नसते, एवढं मलाही कळतं.

"कधीपासून, अक्का?"

"बाबाजीपुऱ्यापासून. आबा दसऱ्याच्या सवारीआधी मोतीची शेपटी कापायचे ना, म्हणायचे, टोक नाही कापलं तर फाटा वर चढतो. मी शेपटी धरून उभी असायचे."

मीही तिथंच असायचे! पाण्याची बादली घेऊन! आबा शिलेदार, आपल्या घोड्याला आपल्या हातानं सजवणारे, दर दसऱ्याला तेच करायचे आणि तेच बोलायचे. मी दर वर्षी ऐकलं आणि कधी म्हणून घोड्याच्या शेपटीवरून स्वतःच्या डोक्यापर्यंत आले नाही. तू आलीस. हुशार तू होतीस अक्का, शाळेत पहिली मी येत असले तरी.

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढला होता. तू 'हळू' अशी खूण केलीस. सासूबाई पलीकडे होत्या. मला वाटलं, तू म्हणशील की तुझ्याच भल्यासाठी नाही सांगितलं, पुढंमागं काही झालं असतं तर लोकांनी तुलाच बोल लावला असता. तसं म्हणाली असतीस तर मी मानलंही असतं. पण मरायला टेकलेल्या माणसाला खोटं बोलायचा कंटाळा येतो की काय कोण जाणे. तू भिंतीकडे बघत म्हणालीस, "तू गोरी होतीस. नाकीडोळी नीटस. आबांची लाडकी. माझ्याकडे केसच होते गं, यमे."

बस्, एवढंच. क्षमा कर वगैरे काही नाही. उलट माझा हात धरून शपथ घातलीस, "कुणाला सांगू नकोस. न्हाऊ घालतील तेव्हा बायका बघतील. माझी शपथ आहे तुला."

आणि मी 'बरं' म्हटलं. कापली तुझी टोकं, वळवून वळवून, तू सांगितलंस तशी. कापलेले केस पदरात बांधून घरी नेले आणि चुलीत टाकले.

तू गेलीस तेव्हा तुला न्हाऊ घालताना तांब्या माझ्याच हातात होता. तुझे केस पाटाखाली लोंबत होते, काळेभोर. मणीबेन डोळे पुसत होती. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "बघा गं, शेवटपर्यंत एक फाटा नाही. सवाष्ण गेली, हिरवा चुडा भरून गेली, पुण्याईच तशी तिची!" सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मी पाणी ओतत राहिले. माझ्या तोंडून तेव्हा एक शब्द फुटता तर काय झालं असतं, सांग! पण तुझी लाज मी राखली. तू माझी राखली नव्हतीस.

तुझी आठवण येत नाही असं समजू नकोस. येते, मेली रोज येते. काल बाजारात जांभळी पैठणी बघून तुला दाखवायला मागे वळले, तेव्हा तू नाहीस हे ध्यानात आलं. तापात माझ्या उशाशी बसणारी तूच, माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू घेऊन धावणारीही तूच. आणि हेही तूच केलंस, म्हणूनच तर जिवाला लागतं. परकीनं केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

पण आज कमळी पुढ्यात बसली तेव्हा कळलं, की मी गप्प राहिले तर तीही मिरची सोडेल, तीही मलमल गुंडाळून झोपेल आणि स्वतःत खोट शोधत बसेल. उद्या तिलाही कुणी खिडकीपाशी नेईल. तेव्हा काय करू? पुन्हा गोंडा बांधू?

शपथ मोडली की जिची शपथ तिला मरण येतं म्हणतात. तू तर आता त्याच्या पलीकडे गेलीस, अक्का. तुला आणखी काय व्हायचं?

तेव्हा हे वचन देते, शपथेच्या बदल्यात. उद्या सकाळी कमळीला ओट्यावर बसवणार आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत तिची टोकं कापणार. हे काय म्हणतील ते म्हणोत. मणीबेन विचारायला आली तर सांगणार, अक्का असंच करायची, तेलाचं काही खरं नव्हतं. तुझ्या सासूबाई आल्या तरी सांगणार. त्यांचा विश्वास बसला नाही तर आबांच्या घोड्यापासून सांगणार. एकाही पोरीला त्या बाटलीवर भुलू देणार नाही.

आणि कमळी विचारणारच, तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे: "मग मावशीनं तुला का नाही गं सांगितलं?" तेवढं मात्र मी तिला कधीच सांगणार नाही.

तुझीच,
यमी